नाव एक, क्रमांक अनेक : बिघडले कुठे?

दिवाळीला पुस्तके भेट देणाऱ्या सुज्ञ मंडळींकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. 'श्यामची आई' हे पुस्तक एक, मग त्याचे आयएसबीएन इतके कसे? हा क्रमांक म्हणजे म्हणे पुस्तकाची ओळख. मग एकाच पुस्तकाला इतक्या ओळखी कशाला? बंद करा हा घोळ आणि द्या एका पुस्तकाला एकच क्रमांक!

या मंडळींनी एकदा अक्कलकुव्याच्या पोस्टमनला गाठावे. 'पाडवी गुरुजी, तालुका अक्कलकुवा' एवढेच लिहिलेले पाकीट त्याच्या हाती द्यावे आणि तो काय म्हणतो ते ऐकावे. जेथे पाडवी, वसावे, वळवी ही आडनावे पाड्यापाड्यावर भेटतात, तेथे नुसत्या नावावर पत्र पोचत नाही. मग पुस्तक कसे पोचावे?

आक्षेपकांची मुळातली चूक ही, की हा क्रमांक लेखकाच्या कृतीला मिळतो असे ते धरून चालतात. तो मिळतो एका प्रकाशकाने काढलेल्या एका आवृत्तीला. पुठ्ठाबांधणी निराळी, कागदी बांधणी निराळी, ई-पुस्तक निराळे. मजकुरात मोठा फेरफार झाला की क्रमांक नवा. जसेच्या तसे पुनर्मुद्रण झाले तर जुनाच. २००७ सालापासून हा क्रमांक तेरा अंकी झाला. त्यात ९७८ नंतरचे ८१ किंवा ९३ हे अंक भारताचे, पुढचे प्रकाशकाचे, मग पुस्तकाचे आणि शेवटचा एक पडताळ्याचा. प्रकाशकाची खूणच क्रमांकात गोवलेली असताना दोन प्रकाशकांत एक क्रमांक चालणार कसा?

आणि 'श्यामची आई'ला प्रकाशक थोडे नाहीत. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९५० साली गुरुजी गेले. कायद्याने ठरवलेली साठ वर्षे २०१० अखेर संपली आणि पुस्तक सर्वांना छापण्यास मोकळे झाले. कोणी ते पूर्ण छापतो, कोणी मुलांसाठी संक्षिप्त करतो. उद्या कोणी ते भिलोरीत आणले, तर त्यालाही नवा क्रमांक लागेल, आणि तो आनंदाचाच दिवस असेल!

आता समजा, सातपुड्यातल्या एखाद्या शाळेने नुसत्या नावावर चाळीस प्रती मागवल्या. निम्म्या आल्या बेचाळीस रात्रींच्या, निम्म्या काटछाट केलेल्या. गुरुजी एक रात्र वाचू लागले की अर्ध्या वर्गाला ती सापडतच नाही. गरीब शाळेने परतीचा टपालखर्च कोठून आणावा? त्या मुलांची आई कोणी कापली, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून दोष द्यायचाच तर क्रमांकांच्या गर्दीला देऊ नका. पूर्ण आणि संक्षिप्त या दोहोंवर एकच क्रमांक ठोकणाऱ्याला द्या. क्रमांक न छापणाऱ्याला द्या. आपल्या देशात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तेव्हा खर्चाची सबब चालायची नाही.

क्रमांक पुस्तकाचा कस सांगत नाही, हे खरे. ते काम वाचकाचे. पण कोणते पुस्तक घरी आले, एवढे तो नेमके सांगतो. तेव्हा वाचकहो, यंदा भाच्याला पुस्तक धाडाल, तर नावाखाली ते तेरा अंकही लिहा. नाव सर्वांचे असते. पत्ता ज्याचा त्याचा असतो.