पेढीवरचा संगणक तापतो तेव्हा



गोष्ट एप्रिलातील आहे. आमच्या नात्यातील एका काकांची सोलापुरात चादरी-टॉवेलची पेढी आहे. महिन्याची 11 तारीख, म्हणजे जीएसटीचे विक्रीचे विवरण भरण्याचा शेवटचा दिवस. दुपारी दोनच्या सुमारास बिलांची नोंद चालू असताना संगणक एकाएकी बंद पडला. पुन्हा सुरू केला, तर दहा मिनिटांत पुन्हा बंद. दुरुस्ती करणाऱ्याने फोनवरूनच सांगून टाकले, "मदरबोर्ड गेला असणार, आता नवीनच घ्या." काकांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "खर्चाचे नंतर पाहू. पण वर्षभराचा हिशेब आत आहे, तो गेला तर काय करायचे?"

मी एवढेच विचारले, "सकाळी चालत होता का?" सकाळी अकरापर्यंत तो उत्तम चालला होता. आदल्या दिवशीही तसेच घडले होते. निकामी झालेला मदरबोर्ड सहसा घड्याळ पाहून बंद पडत नाही. दुपारीच त्रास देणाऱ्या संगणकाबद्दल पहिला संशय उष्णतेचा घ्यावा.

संगणकातील प्रोसेसर काम करतो तेव्हा तापतोच. ही उष्णता बाहेर जाण्याची वाट ठरलेली असते. प्रोसेसरवर उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर असतो. त्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. हीटसिंकवरचा पंखा त्या पात्यांतून वारा खेळवतो आणि शेवटी गरम हवा पेटीच्या मागील जाळीतून खोलीत जाते. यांतील एक टप्पा अडला तरी उष्णता आत कोंडते. त्यातच खोलीचे तापमान 28 अंशांवरून 40 वर गेले, तर प्रोसेसरचे तापमानही साधारण तितकेच चढते. म्हणूनच हिवाळ्यात लपून राहिलेला दोष सोलापूरच्या उन्हाळ्यात उघडा पडतो.

आजच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिच्याजवळ पोहोचताच प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, आणि तरीही ताप उतरला नाही तर संगणक बंद होतो. हा स्वतःला वाचवण्याचा उपाय आहे. काकांचा टॅली आठ दिवसांपासून संथ झाला होता. ती पूर्वसूचनाच होती, पण कोणाच्या लक्षात आली नाही.

आम्ही प्रथम संगणक अर्धा तास थंड होऊ दिला. मग सुरू करून, दुसरे कोणतेही काम न करता, हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. काकांच्या जिवात जीव आला. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करताना डिलीट कळ दाबून बायोसमध्ये तापमान पाहिले (काही संगणकांत त्यासाठी एफ-टू कळ असते). काही काम नसतानाही आकडा काही मिनिटांतच नव्वदीच्या पुढे गेला. निदान झाले.

मग वीज बंद करून, वायर काढून पेटी उघडली. पंखा चांगला होता. पण त्याखालच्या हीटसिंकवर कापसाच्या बारीक तंतूंचा नमद्यासारखा जाड थर बसला होता. पंखा फिरत होता, वारा मात्र पात्यांपर्यंत पोहोचत नव्हता. दिवसभर टॉवेलांच्या घड्या उलगडल्या जातात, त्या पेढीत दुसरे काय होणार? शिवाय पेटी जमिनीवर, गादीशेजारी, मागील बाजू भिंतीला चिकटवून ठेवलेली!

साफसफाई करताना काही पथ्ये पाळावीत. आधी पेटीच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर विद्युत निघून जाते. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, मगच ब्लोअर मारावा. तोंडाने फुंकू नये, ओले फडके लावू नये. उबेला आलेल्या मुंग्या किंवा कोळी दिसले, तर मऊ ब्रशने अलगद बाहेर काढावेत. कीटकनाशक फवारल्यास त्या जिवांचा घात होतो आणि आतील भागही बिघडू शकतात. हीटसिंक हलत असेल किंवा बरीच वर्षे काढलेला नसेल, तर जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी लागते. हे काम जाणकाराकडून, पण आपल्यासमोर करून घ्यावे.

सफाईनंतर पेटी स्टुलावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवली. आता तापमान साठीच्या आतच राहिले. रात्री आठला विवरण भरून झाले. नवीन संगणकाचा खर्च टळला.

प्रत्येक वेळी इतक्यावर भागेल असे नाही. पंखाच फिरत नसेल तर तो बदलावा. तापमान योग्य असूनही संगणक बंद पडत असेल, तर वीज पुरवणारा एसएमपीएस तपासून घ्यावा. मात्र तापमान पाहिल्याशिवाय मोठ्या खर्चाला होकार देऊ नये.

दिवाळीपूर्वी आपण पेढीचा कोपरा न् कोपरा झाडतो आणि मग वहीपूजन करतो. आता वही त्या पेटीत आहे. तेव्हा त्या साफसफाईत ही पेटीही धरावी आणि उन्हाळा सुरू होण्याआधी, मार्चच्या आरंभी, आणखी एकदा ती उघडून पाहावी. हिशेबाची प्रत मात्र रोज पेढी वाढवण्यापूर्वीच घ्यावी.