विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही

हबीबगंज स्थानकाची पाटी नोव्हेंबर २०२१ मध्ये बदलून राणी कमलापती झाली. पण रूळ तेच राहिले, म्हणून भोपाळच्या एकाही माणसाची गाडी अडली नाही. जून २०२४ पासून बाजारात आलेल्या स्नॅपड्रॅगन एक्स एलिटच्या लॅपटॉपांत मात्र विंडोजची पाटी जुनीच ठेवून खालचे रूळच उखडले आहेत! इंटेल-एएमडीच्या एक्स८६ भाषेत लिहिलेला खेळ आर्म जातीच्या या प्रोसेसरला थेट कळत नाही. प्रिझम नावाचा दुभाष्या मध्ये बसवावा लागतो. त्याने वेळ खाल्ला की पडद्यावरचे दृश्य अडखळते. तेही सोसू. पण व्हॅलोरंट या खेळाबरोबर व्हॅनगार्ड नावाचा लबाडी पकडणारा पहारेकरी येतो, तो विंडोजच्या गाभ्यात उतरतो आणि त्या गाभाऱ्यात दुभाष्याला मज्जावच आहे. तिथे खेळ मंदावत नाही. सुरूच होत नाही.

हे कंपन्यांना ठाऊक नव्हते काय? विक्रीला तीन महिने अवकाश असताना, मार्च २०२४ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हा प्रोसेसर बनवणाऱ्या क्वालकॉमने बहुतेक खेळ जसेच्या तसे चालतील अशी ग्वाही दिली. आणि असल्या पहाऱ्याचे व एव्हीएक्स नावाच्या एक्स८६ आज्ञांचे खेळ दुभाष्याकरवी चालणार नाहीत, ही कबुलीही तिथेच, जाणकारांच्या कानात दिली. हे लॅपटॉप विकणाऱ्या सॅमसंगने मायदेशी, न चालणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी लावली. तीत फोर्टनाइट होता, लीग ऑफ लेजंड्स होता. यादी कोरियन भाषेत होती.

आणि हबीबगंजच्या गिऱ्हाइकाला काय मिळाले? भोपाळच्या एम. पी. नगरच्या दुकानात काचेमागे तोच तो चकचकीत व्हिडिओ फिरतो, विक्रेता बॅटरीचा आकडा दाखवतो, एआयने काढलेले चित्र दाखवतो, खेळ मात्र उघडत नाही. बॅटरी टिकते, हे आम्हीही मान्य करतो. पण पोराने कोचिंगचा अभ्यास सांभाळून वर्षभर हट्ट धरावा, बापाने हप्ते बांधून अठरा टक्के जीएसटीसकट पैसे मोजावेत, रात्रभर डाउनलोड चालू ठेवून पहाटे दोघांनी डोळे चोळत पडद्यापुढे बसावे आणि समोर दोन ओळींची नकारघंटा यावी, हे ज्यांना आधीपासून दिसत होते त्यांनी खोक्यावर बोटभर इशारा छापू नये, याला आम्ही अनवधान म्हणणार नाही. ही लबाडी आहे.

पुढे दुभाष्याला एव्हीएक्सही शिकवले गेले, असे ते सांगतील. शिकवले खरे! पण गिऱ्हाइकाने पैसे पहिल्याच दिवशी पुरते मोजले होते. अर्धवट माल देऊन पुढच्या अपडेटचा वायदा करणाऱ्या भाजीवाल्याला हा बाजार दारात उभा करणार नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारी जाहिरात म्हणतो. आमचाही निवाडा तोच.

कोणते खेळ चालत नाहीत, ते खोक्यावर हिंदीत, मराठीत, ठसठशीत छापा. तोवर, वाचकहो, आपला खेळ दुकानातच सुरू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि जे फसले असतील त्यांनी बिल जपून ठेवून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आजच तक्रार नोंदवावी.