कार्ड देशाचं, मग दवाखान्यात राज्य का विचारतात?

घरात मोठं दुखणं निघालं की बुऱ्हाणपुरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो इंदूरला न्या, दुसरा म्हणतो जळगावला. जिंकतो बहुतेक वेळा जळगाववाला. कारण साधं आहे. इंदूर सुमारे १८० किलोमीटर, तेही असीरगडाच्या बाजूनं घाट चढून. भुसावळ रेल्वेनं ५५ किलोमीटरच्या आत. खानदेशात आपले सोयरे आहेत, रात्री डबा आणून देणारं कुणीतरी आहे. आणि आजीला डॉक्टरला सांगता येतं की "कळ मारते", "जीव घाबरा होतो". दुखणं माणूस आपल्याच भाषेत नीट सांगू शकतो.

म्हणून मला वाटतं, २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचा सगळ्यात जास्त फायदा आपल्यासारख्या सीमेवरच्या जिल्ह्यांना व्हायला हवा होता. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार, आणि कार्ड देशभर चालणार. म्हणजे मध्य प्रदेशच्या माणसानं महाराष्ट्रातल्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलात उपचार घ्यायचे आणि हिशोब दोन राज्यांनी आपसात मिटवायचा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून तर ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला हे कवच आहे, उत्पन्न कितीही असो.

कागदावर इतकं छान. आता आमच्या गल्लीतली गोष्ट ऐका. पॉवरलूमवर काम करणारे एक काका. छातीत दुखायला लागलं म्हणून सीमेपलीकडच्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर कार्ड दाखवलं तर उत्तर आलं, "कार्ड आहे, पण एमपीचं आहे. मंजुरी यायला वेळ लागेल, तोवर डिपॉझिट भरा." छातीत दुखणाऱ्या माणसाला घेऊन कोण वाद घालणार? काकूंच्या पाटल्या सोनाराकडं गेल्या. काका बरे झाले. पाटल्या अजून सोनाराकडंच आहेत.

योजना कॅशलेस आहे. त्यात बसणाऱ्या उपचारासाठी पॅनेलवरच्या हॉस्पिटलाला लाभार्थ्याकडून पैसे मागता येत नाहीत. तरी हे होतं, कारण आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे. योजना दिल्लीची, पण यंत्रणा भोपाळची वेगळी, मुंबईची वेगळी. दोघांच्या मधल्या फटीत रुग्ण अडकतो. वरून गैरव्यवहाराचा संशय. २०२३ च्या कॅगच्या अहवालात निघालं की सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले होते, दहाही आकडे नऊ! घोळ नोंदणीत होतो, आणि खरा रुग्ण काउंटरवर उभा राहून उत्तरं देतो.

काही मित्र म्हणतात, यापेक्षा महाराष्ट्रानंच आपल्याला त्यांची महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यावी. २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांसाठी तसा निर्णय झालाच होता ना? झाला होता. आणि कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी लगेच विरोधही केला होता. त्या गावांतल्या मराठी माणसाबद्दल मला पूर्ण आपुलकी आहे, त्याला उपचार मिळालेच पाहिजेत. पण शेजारच्या राज्याच्या मदतीवर आपण जगायला लागलो की आपलं ऑपरेशन दोन मुख्यमंत्र्यांच्या भांडणात लटकतं. शिवाय बुऱ्हाणपूर त्या ८६५ गावांसारखं वादातलं गाव नाही. आपण मध्य प्रदेशचे मतदार आहोत आणि मराठी आहोत, दोन्ही एकदम. आपल्याला उपकार नकोत, देशाच्या योजनेतला हक्क हवा.

१९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी रुग्णालयानं वेळेवर तातडीचे उपचार नाकारणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्या खटल्यातला माणूस रेल्वेतून पडला होता आणि एकामागून एक हॉस्पिटलांनी त्याला परत पाठवलं होतं. त्याच्या हक्कावर कुठल्या राज्याचा शिक्का नव्हता.

पण सगळं लक्ष जळगावच्या रस्त्यावर ठेवूनही चालणार नाही. २०१९-२१ च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७५ मातांचा मृत्यू होत होता, महाराष्ट्रात ३८ चा. मध्ये फक्त एक सीमा! १६३१ मध्ये मुमताज महल आपल्याच गावात बाळंतपणात गेली. तेव्हा बादशहाकडंही इलाज नव्हता. आज इलाज आहे, तो वेळेवर पोचत नाही.

देश पुढं सरकला नाही असं मी म्हणत नाही. आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ वर आला. पण २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के सरकारी खर्चाचं वचन होतं, आणि २०२१-२२ मध्ये आपण १.८४ वर होतो. शिवाय आयुष्मान कार्ड भरती झाल्यावर चालतं. लूमवर खोकणाऱ्या माणसाची रोजची तपासणी, रोजची औषधं त्यात येत नाहीत. त्याला आधी आडवं व्हावं लागतं, मग सरकार मदतीला येतं.

आणि आपला जिल्हा काही करू शकत नाही असं तर अजिबात नाही. २०२२ मध्ये देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा कोणता? बुऱ्हाणपूर. नळ घरोघरी पोचू शकतो तर डॉक्टर का नाही?

मागण्या तीनच ठेवू:

१. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, राज्यांचा हिशोब नंतर. दुसऱ्या राज्यातल्या कार्डाच्या मंजुरीला ठरलेली वेळ, आणि ती काउंटरवर लिहिलेली.

२. बुऱ्हाणपूरच्या जिल्हा रुग्णालयात सीमेपलीकडच्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलांची यादी मराठी आणि हिंदीत लावा. कुठं काय होतं, तेही लिहा.

३. जिल्ह्यातच तज्ज्ञ डॉक्टर आणि बाह्यरुग्णांना मोफत औषधं. बाळंतपणासाठी कुणाला सीमा ओलांडायची वेळ येऊ नये.

तोवर आपण काय करायचं? कुणी डिपॉझिट मागितलं तर पावती घ्या, नकार लेखी मागा, १४५५५ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. आणि जे कॉलेजात आहेत त्यांनी १० रुपये भरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा: बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या किती कार्डधारकांनी महाराष्ट्रात उपचार घेतले, किती जणांची मंजुरी नाकारली आणि सरासरी किती तास लागले? हे आकडे हातात असले की आपण नुसती कुरकुर करतोय असं कुणी म्हणू शकणार नाही. मी या महिन्यात अर्ज टाकतोय. शाहपूर, नेपानगर, खकनारच्या मित्रांनो, तुम्हीही टाका.