खाडीवर पडलेला भराव

गुन्हेकथा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. मध्यरात्रीची वेळ, आतून कडी लावलेली खोली, खोलीत एक प्रेत आणि दारावर थाप मारणारा फौजदार. पुष्कळ घरांतील वडीलधारी मंडळी असल्या पुस्तकांना उंबरठ्याच्या आत घेत नाहीत, आणि त्यांचे अगदीच चुकते असे आम्ही म्हणणार नाही. तथापि आज ज्या कादंबरीचा परिचय आम्ही करून देणार आहोत, तिच्यातील खरा बळी माणूस नसून एक खाडी आहे; आणि तिच्या जिवावर उठलेले लोक दरोडेखोर नसून त्याच गावचे प्रतिष्ठित नागरिक आहेत.

कादंबरीचे नाव 'अ फ्लॅश ऑफ ग्रीन'. सूर्य समुद्रात बुडता बुडता क्षितिजावर क्वचित क्षणभर हिरवी चमक दिसते, तिच्यावरून हे नाव घेतले आहे. ती १९६२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. लेखक जॉन डी. मॅकडोनल्ड (१९१६–१९८६) हे फ्लोरिडा राज्यातील सारासोटा या किनाऱ्यावरील गावी दीर्घकाळ राहिले. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकी सेवेत आपल्या भारत-ब्रह्मदेशाच्या बाजूस होते. १९४५ साली तेथून त्यांनी पत्नीला पत्राऐवजी एक कथाच लिहून धाडली. त्या माउलीने ती परस्पर एका मासिकाकडे पाठविली आणि पंचवीस डॉलर मिळविले. लेखकाचा प्रपंच सुरू झाला तो असा.

आता कथेकडे वळू. फ्लोरिडातील एका काल्पनिक गावालगत ग्रासी बे नावाची उथळ खाडी आहे. काही व्यापाऱ्यांना तिच्यात भराव घालून घरांसाठी भूखंड पाडावयाचे आहेत. पूर्वी एकदा बाहेरच्या कंपनीने हाच घाट घातला होता, तेव्हा गावकऱ्यांनी समिती स्थापून तो हाणून पाडला होता. या खेपेस मात्र योजना घेऊन आलेले लोक गावातलेच आहेत. परक्याला 'नाही' म्हणणे सोपे. परंतु ज्याच्या दुकानातून आपण वाणसामान आणतो, ज्याच्या शेजारी बसून जेवतो, त्याला 'नाही' म्हणताना जीभ अडखळते. या गोष्टीतील सारी मेख येथेच आहे.

योजनेच्या पाठीशी गुप्तपणे उभा आहे एल्मो ब्लिस. तो तेथल्या काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, निवडून आलेला कारभारी असून त्याचा डोळा राज्याच्या गव्हर्नरपदावर आहे. हा मनुष्य आरडाओरडा करीत नाही, हसतमुखाने बोलतो आणि लोकांची कामे करून देतो. समिती मोडण्यासाठी तो जिमी विंग नावाच्या बातमीदाराला पैसे देतो. काम एवढेच, की समितीतील एकेकाचे काही गुपित असेल ते शोधून काढावयाचे. कुणाचा जुना कलंक, कुणाच्या संसारातील झाकलेली गोष्ट. मग तेवढ्या धाकावर तो तो सभासद आपण होऊन गप्प बसतो.

हा जिमी दुष्ट नाही, हेच वाचकाला अधिक बोचते. त्याची पत्नी असाध्य मेंदुविकाराने रुग्णालयात खितपत आहे. समितीत झटणारी कॅट हबल ही त्याच्या दिवंगत मित्राची विधवा, आणि तिच्यावर त्याचा जीव आहे. तरीही तो पैसे घेतो. आपण नाही केले तर दुसरा कोणी करील, अशी मनाची समजूत घालतो. पुढे पुढे तर देवाचे नाव घेणारे काही माथेफिरू समितीतील एका बाईला फटक्यांनी झोडपून काढतात, तेव्हा आपण कशाचे दार उघडले हे त्याला कळते. शेवट काय होतो ते आम्ही सांगत नाही.

वाचता वाचता आम्हाला जुन्या करारातील नाबोथाची आठवण झाली. त्याचा द्राक्षमळा राजाला हवा होता. राणीने खोटे साक्षीदार उभे करून आधी नाबोथाचे नाव घालविले, मग त्याचा प्राण घेतला आणि मग मळा. क्रम पाहा. जमीन सर्वांत शेवटी जाते. त्याआधी जाते ते माणसाचे नाव.

कोणी म्हणेल, ही सारी कल्पना. परंतु तिच्याखालची जमीन खरी आहे. त्या काळी फ्लोरिडात ड्रेजर लावून खाडीच्या तळाची वाळू उपसीत आणि किनाऱ्याला बांधलेल्या भिंतीमागे ओतीत. तळावरचे समुद्री गवत गाडले जाई, आणि त्याच गवतात कोळंबी व मासळीची पिल्ले वाढत असत. १९५७ सालच्या कायद्याने भरावाची हद्द पाण्यात कोठवर न्यावी हे ठरविण्याचा अधिकार स्थानिक कारभाऱ्यांच्या हाती आला. नकाशावरची एक रेघ पुढे सरकली की पाण्याची जमीन होई आणि जमिनीचे पैसे होत. ब्लिससारख्याच्या मताला किंमत होती ती यामुळे. सेंट पीटर्सबर्गजवळच्या बोका सिएगा खाडीचा मोठा भाग अशाच भरावाखाली गेला. अखेर त्याच खाडीतील एका भरावाला मासळी व जलचरांची हानी होईल म्हणून सरकारने परवाना नाकारला, आणि १९७० साली वरिष्ठ न्यायालयाने तो नकार योग्य ठरविला. निकाल चांगला, पण गाडलेले गवत त्यामुळे वर आले नाही.

गोव्याच्या किनाऱ्यावरील वाचकांना हे सारे परके वाटणार नाही. खाजण जमिनी, त्यांचे बांध आणि भरती-ओहोटीचे पाणी राखणारी मानस आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. भारत सरकारने १९९१ साली किनारपट्टीच्या रक्षणाचे नियम काढले, आणि २०११ सालच्या नियमांत खाजणांच्या रक्षणाची खास तरतूद केली. पुढे २०१९ साली नियम पुन्हा नव्याने लिहिले गेले. नियम बदलतात; म्हणून गावसभेत कोणता नकाशा मांडला आहे आणि त्यावरची रेघ कोठून जाते, हे पाहण्याचे काम कोणत्याही नियमावर सोपवून भागत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि मोठ्यांसाठी आहे. मुलांच्या हाती देऊ नये. परंतु घरात कोणी इंग्रजी जाणणारे असेल तर त्याने ते वाचावे आणि जेवणानंतर इतरांना गोष्ट सांगावी. आणि उद्या गावच्या हिताचे बोलणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याविषयी कोणी आपल्या कानाशी येऊन कुजबुजू लागले, तर ती गोष्ट पुढे नेण्यापूर्वी एवढेच विचारावे: हे आपल्याला आजच का सांगितले जात आहे?