आपला कागद आपल्या हाती



1913 साली बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी मुंबईहून बोटीने अमेरिकेला गेले. आज आपल्या वस्तीतली मुले सहारच्या विमानतळावरून परदेशी जातात. कोणी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला जातो, तर कोणी वेल्डर, पाइप फिटर, ड्रायव्हर म्हणून आखाती देशात कमवायला जातो. शिकायला जाणाऱ्याला वाट सांगणारे चार जण भेटतात. आखातात जाणाऱ्याला बहुधा एकच माणूस भेटतो, तो म्हणजे एजंट. आणि तो म्हणतो, "तू काही बोलू नकोस, सगळे सेटिंग झाले आहे." आमचे आजचे लिखाण या कमवायला जाणाऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

एका माणसाला पोचवायला वस्तीतून टेम्पो भरून माणसे येतात. हार घालतात, आयाबाया डोळे पुसतात. हे प्रेम खरेच. पण टर्मिनल 2 च्या दारात गणवेशातला सुरक्षा जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहूनच आत सोडतो. तिथून पुढे जाणारा एकटा असतो. म्हणून त्याला जे काही सांगायचे ते घरीच सांगून झालेले असावे.

आधी तिकिटावरचे विमानतळाचे नाव नीट वाचावे. 2025 च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आता मुंबई म्हटले की सहारच, असे धरून चालत नाही. सहारला जाण्यासाठी 2024 पासून भुयारी मेट्रो थेट टर्मिनल 2 च्या स्टेशनापर्यंत जाते. विमान सुटण्याच्या तीन तास आधी पोचावे. सामानाचा काउंटर बहुतेक कंपन्या एक तास आधी बंद करतात. मग कितीही हात जोडले तरी तो उघडत नाही.

आत चार टप्पे आहेत. पहिला टप्पा विमान कंपनीच्या काउंटरचा. तिथे मोठ्या बॅगेचे वजन होते आणि बोर्डिंग पास मिळतो. बॅगेच्या पावतीचा तुकडा जपून ठेवावा. दुसरा टप्पा इमिग्रेशनचा. तिथला अधिकारी पासपोर्ट, व्हिसा तपासतो आणि शिक्का मारतो. भारतीय प्रवाशाने जाताना फॉर्म भरण्याची पद्धत 1 जुलै 2017 पासून बंद झाली आहे. "फॉर्म भरून देतो, दोनशे द्या" असे कोणी म्हणाला तर त्याला पैसे देऊ नयेत. तिसरा टप्पा सुरक्षा तपासणीचा. मोबाइल, पट्टा, पाकीट ट्रेमध्ये ठेवावे. बायकांची तपासणी महिला जवान पडद्याआड करते. चौथा टप्पा गेटचा. गेटचा नंबर ऐन वेळी बदलू शकतो. म्हणून बोर्डावर नजर ठेवावी.

आता सामानाविषयी आमच्या भगिनींना सांगायचे आहे. पोराच्या बॅगेत आपण मसाला, लोणचे, खोबरे भरतो. सुके खोबरे तेलामुळे पेट घेऊ शकते, म्हणून बॅगेतून ते काढून टाकतात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातल्या पिशवीत ठेवावी. हातातल्या पिशवीत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी तेलाची बाटली नको. आणि खसखस कदापि नको! आपल्या मसाल्यातली खसखस अरब अमिरातीत अमली पदार्थात मोजतात. तिच्यापायी तुरुंग पाहावा लागतो. खोकल्याची आणि अंगदुखीची काही औषधेही तिथे बंदीत येतात. औषध न्यायचे तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवी, आणि ते चालते की नाही हे आधी विचारून घ्यावे.

दुसऱ्याचे पुडके घेऊन जाऊ नये, मग तो सख्खा नातेवाईक का असेना. 2019 साली मुंबईचे एक जोडपे नातेवाइकाने दिलेले पुडके घेऊन कतारला गेले. त्यात चरस निघाला. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ती निर्दोष ठरून परत आली ती 2021 साली. नको म्हणण्याचा संकोच दोन मिनिटांचा असतो.

आता मुख्य गोष्ट. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टावर बहुधा 'ईसीआर' असा शेरा असतो. अशा माणसाला सौदी, कतार, कुवेत, ओमान, अमिराती, बहारीन, मलेशिया अशा 18 देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. 1983 च्या कायद्याने ही सोय केली ती कामगाराची फसगत होऊ नये म्हणून. घरकामासाठी जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टच्या बाईला 30 वर्षे वयाची अटही त्यासाठीच आहे. फिरायला जाणाऱ्याला मात्र ही मंजुरी लागत नाही. नेमकी ही फट एजंट हेरतो. नोकरीला जाणाऱ्याच्या हातात व्हिजिट व्हिसा ठेवतो आणि पढवतो, "मामाकडे चाललोय म्हणून सांग."

याचा शेवट दोन तऱ्हेने होतो. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला संशय आला तर माणूस तिथूनच परत येतो. व्याजाने काढलेले पैसे बुडतात. आणि जो निसटून पोचतो त्याची अवस्था आणखी वाईट. तिथे तो कामगार म्हणून कुठल्याही कागदावर नसतो. पगार थकला तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

मंजुरी घेऊन जाणाऱ्याचा 'प्रवासी भारतीय बीमा योजने'त विमा असतो. हप्ता दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375 रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास 10 लाख रुपयांचे संरक्षण. 2024 च्या जूनमध्ये कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून 40 हून अधिक भारतीय कामगार मेले. ते आठवले म्हणजे या 275 रुपयांची किंमत कळते.

परवानाधारक एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. एजंटाला जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच फी घेता येते. लाख-दीड लाख मागणारा कायदा मोडतो आहे, हे त्याला तोंडावर सांगावे आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी.

आमची विनंती एवढीच. जाण्याच्या आधीच्या रविवारी, विहारातून वंदना करून आल्यावर, घरच्यांनी एकत्र बसावे. घरातली शिकणारी मुलगी असेल तिने करारपत्र मोठ्याने वाचावे : मालकाचे नाव, पगार, कामाचे तास, राहण्याची सोय. व्हिसावर 'नोकरी' आहे की 'भेट', हे पाहावे. इंग्रजी अडले तर वस्तीतल्या मास्तरांना बोलवावे. मग पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा या सगळ्यांच्या दोन झेरॉक्स काढून एक संच घरच्या पेटीत ठेवावा, दुसरा जाणाऱ्याच्या बॅगेत. मूळ कागद त्याच्या स्वतःच्या हातात असावेत, एजंटाच्या नाही. जो कागद एजंट वाचू देत नाही, त्यावर सही करू नये आणि त्याच्या भरवशावर विमानतळही गाठू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!