विश्लेषण : शाळकरी मुलांना ऑश्विट्झला का नेतात? तिथे ती नेमके काय शिकतात?

पोलंडमधील ऑश्विट्झ येथील स्मारक-संग्रहालयाला २०२४ मध्ये १८ लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. त्यांत शाळा-महाविद्यालयांच्या गटांचे प्रमाण मोठे असते. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या वंशसंहारातून, म्हणजे होलोकॉस्टमधून, वाचलेल्यांची संख्या झपाट्याने घटत आहे. ऑश्विट्झच्या मुक्ततेच्या ७०व्या वर्धापनदिनाला, २०१५ मध्ये, सुमारे ३०० वाचलेले साक्षीदार हजर होते. २०२५ मध्ये ८०व्या वर्धापनदिनाला जेमतेम ५० उरले. साक्षीदार गेल्यावर उरणार त्या जागा, म्हणून मुलांना तिथे न्यायचे, हा विचार सरळ वाटतो. पण छावणी पाहिली म्हणजे इतिहास कळला का, यावर युरोपात आणि इस्रायलमध्ये अनेक वर्षे वाद सुरू आहे.

ऑश्विट्झच का?

ही छावणी नाझींनी १९४० मध्ये उभारली ती प्रामुख्याने पोलिश कैद्यांसाठी. पुढे शेजारीच बिर्केनाऊची अवाढव्य छावणी झाली आणि तिथे विषारी वायूने सामूहिक हत्या होऊ लागल्या. येथे सुमारे ११ लाख लोक मारले गेले. त्यांपैकी साधारण १० लाख ज्यू होते. सोव्हिएत फौजा २७ जानेवारी १९४५ रोजी तिथे पोहोचल्या. हाच दिवस संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये होलोकॉस्ट स्मृतिदिन म्हणून जाहीर केला. १९४७ मध्ये पोलंडच्या संसदेने कायदा करून ही जागा जतन केली, तर १९७९ मध्ये तिचा युनेस्कोच्या वारसा यादीत समावेश झाला.

म्हणजे तिथे पाहण्यासारखे बरेच काही शिल्लक आहे. तारांची कुंपणे, बराकी, रेल्वेचे रूळ. मालकांची नावे मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या बॅगा आहेत. सामान पुढे परत मिळेल, या समजुतीने ती नावे लिहिली गेली होती. लहान मुलांचे सुमारे आठ हजार बूट आहेत, त्यांच्या जतनाचे काम २०२३ मध्ये हाती घेण्यात आले.

अडचण इथेच सुरू होते. जे उरले तेच दाखवता येते. ट्रेब्लिंका येथे १९४२-४३ मध्ये, जेमतेम सव्वा वर्षात, आठ लाखांच्या आसपास ज्यूंची हत्या झाली. नाझींनी जातानाच ती जागा भुईसपाट केली. आज तिथे स्मारकाचे दगड आहेत. तिथून वाचलेले लोकही फार थोडे, त्यामुळे आठवणी कमी. कीव्हजवळच्या बाबिन यार दरीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. तिथे छावणी नव्हती, रेल्वे नव्हती, वायुकक्ष नव्हते. पूर्व युरोपातील लाखो ज्यू असेच आपापल्या गावाजवळ, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. फक्त ऑश्विट्झ पाहून परतणाऱ्या मुलाच्या मनात होलोकॉस्ट म्हणजे दूर कुठे तरी, कुंपणाआड चालणारा कारखाना असेच चित्र बसते. ते खोटे नाही, पण निम्मेच आहे.

ब्रिटनमधली पद्धत काय?

‘होलोकॉस्ट एज्युकेशनल ट्रस्ट’ ही संस्था १९९९ पासून ‘लेसन्स फ्रॉम ऑश्विट्झ’ हा उपक्रम चालवते. सरकारकडूनही त्याला निधी मिळतो. १६ ते १८ वयोगटातील विद्यार्थी, साधारणपणे एका शाळेतून दोघे, असा नियम. पहाटेचे विमान, दिवसभर भेट आणि रात्री परत. इतक्या धावत्या भेटीवर टीका होणे साहजिकच. पण या उपक्रमाचा जीव विमानात नसून आधीच्या आणि नंतरच्या वर्गांत आहे. निघण्यापूर्वी मुले वाचलेल्या व्यक्तीची साक्ष ऐकतात. छावणी ज्या गावाला लागून आहे, त्या ओश्वियेंचिममध्ये युद्धापूर्वी निम्म्याहून अधिक लोक ज्यू होते. त्यांची दुकाने, प्रार्थनास्थळे, भांडणे, लग्ने हे सारे आधी कळले, तर पुढे दिसणारे बूट कुणाचे हे कळते. परतल्यावर या मुलांनी आपल्या शाळेत किंवा गावात त्यावर काही काम करायचे असते.

तरीही दोन मुले गेली म्हणून शाळा शिकते असे नाही. इंग्लंडच्या शालेय अभ्यासक्रमात होलोकॉस्ट १९९१ पासून आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या केंद्राने २०१६ मध्ये ११ ते १८ वयाच्या सुमारे आठ हजार विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात आढळले की, हे सारे एकट्या हिटलरने घडवले असा अनेकांचा समज होता आणि ‘अँटिसेमिटिझम’, म्हणजे ज्यूद्वेष, या शब्दाचा अर्थ बहुसंख्यांना ठाऊक नव्हता. मुलांना शेवट माहीत होता, सुरुवात माहीत नव्हती.

इस्रायलच्या दौऱ्यांवरून वाद कशाला?

इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयाने १९८८ पासून अकरावी-बारावीच्या मुलांचे पोलंड दौरे सुरू केले. सुमारे आठवडाभराचा हा प्रवास. करोना साथीपूर्वी दरवर्षी साधारण ४० हजार मुले जात. राष्ट्रध्वज अंगावर लपेटून छावणीतून चालणारी मुले हे त्याचे ओळखीचे दृश्य. लष्करात भरती होण्याच्या जेमतेम आधीचे हे वय. त्यामुळे हा इतिहासाचा अभ्यास की राष्ट्रभक्तीची दीक्षा, असा प्रश्न इस्रायलमध्येच विचारला गेला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शिक्षणमंत्री असलेल्या शुलामित अलोनी यांनीच या दौऱ्यांमुळे आक्रमक राष्ट्रवाद पोसला जातो, अशी टीका केली होती. खर्चाचा मोठा भाग पालकांच्या खिशातून जातो, हा आणखी एक आक्षेप.

पोलंडची तक्रार वेगळी होती. इस्रायली मुले सशस्त्र रक्षकांच्या पहाऱ्यात येतात, जिवंत पोलिश माणसांशी बोलत नाहीत आणि पोलंड म्हणजे निव्वळ ज्यूंचे स्मशान असे समजून परततात, असे तिथल्या सरकारचे म्हणणे. यात तथ्य आहे. पण नाझी गुन्ह्यांचा ठपका पोलिश राष्ट्रावर ठेवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा याच सरकारने २०१८ मध्ये आणला होता. कैदेची तरतूद ओरड झाल्यावर काढावी लागली. त्यामुळे मुलांना काय सांगायचे हे वॉर्सा ठरवू पाहते, असा आरोप करत इस्रायलने २०२२ मध्ये दौरे थांबवले. २०२३ मध्ये दोन्ही देशांत करार झाला, तोही टीकेविना नव्हे. दोन सरकारांच्या ओढाताणीत ज्यूंना वाचवणारे पोलिश आणि ज्यूंना पकडून देणारे पोलिश, या दोन्ही खऱ्या गोष्टी एकाच वर्गात सांगणे मागे पडले.

मुलांना रडू यायलाच हवे का?

याचे सर्वांत स्पष्ट उत्तर जर्मनीतून मिळते. तिथे राज्यशास्त्राच्या अध्यापनासाठी १९७६ मध्ये ‘बॉयटल्सबाख सहमती’ म्हणून तत्त्वे ठरली. त्यातले पहिले तत्त्व, विद्यार्थ्याला भारावून टाकून त्याच्याकडून हवे ते मत वदवून घ्यायचे नाही. तत्त्व स्मारकांपुरते नाही, पण स्मारकांवर काम करणारे शिक्षक त्याचा आधार घेतात. बव्हेरियात जिम्नॅशियम आणि रियालशूल या प्रकारच्या शाळांतील मुलांना स्मारकभेट सक्तीची आहे. अनेक वर्ग म्युनिकजवळच्या दाखाऊला जातात, जिथे हिटलर सत्तेवर आल्यानंतर दोनच महिन्यांत, मार्च १९३३ मध्ये, छावणी सुरू झाली होती. देशभर अशी सक्ती करावी, ही मागणी अधूनमधून होते.

सक्तीने नेलेला पंधरा वर्षांचा मुलगा तिथे कंटाळेल, खिदळेल, मोबाइल काढेल. मराठीत ज्याला आपण ‘सहल’ म्हणतो त्याच मनःस्थितीत तो बसमध्ये चढलेला असतो. रुळांवर तोल सावरत फोटो काढणाऱ्या पर्यटकांना आवरते घ्या, असे ऑश्विट्झच्या संग्रहालयाला २०१९ मध्ये समाजमाध्यमावर सांगावे लागले होते, आणि ते सगळे काही शाळकरी नव्हते. खिदळणारे मूल निर्ढावलेले असतेच असे नाही, अनेकदा ते गोंधळलेले असते. उलट रडलेल्या मुलाला काही कळलेच असेल, हेही खरे नाही. १४ वर्षांखालील मुलांना आणू नये, असे संग्रहालयच सुचवते.

परदेशी न जाता हे शिकता येते का?

जर्मनीत घरासमोरच्या पदपथावरही येते. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९०च्या दशकात, नाझींच्या बळींच्या शेवटच्या राहत्या घरापुढे दहा सेंटिमीटरचा पितळी पत्रा जडवलेला दगड बसवायला सुरुवात केली. २०२३ मध्ये त्यांची संख्या एक लाखावर गेली. नाव, जन्मवर्ष, कुठे नेले, काय झाले, इतकाच मजकूर. तो शोधण्यासाठी शाळकरी मुले पालिकेच्या जुन्या नोंदवह्या चाळतात. मग कळते की, या कुटुंबाच्या सामानाचा लिलाव झाला होता आणि बोली लावणारे याच गल्लीतले होते.

बर्लिनच्या वान्झे तलावाकाठचा बंगलाही असाच. २० जानेवारी १९४२ रोजी १५ अधिकाऱ्यांनी तिथे ज्यूंच्या संहाराच्या अंमलबजावणीवर चर्चा केली. त्यांतले निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले होते. १९९२ पासून तिथे स्मारक आहे. सरकारी कर्मचारी, परिचारिका अशा पेशांच्या गटांना तिथे आपल्याच पेशातल्या माणसांनी तेव्हा काय केले, हे कागदपत्रांतून दाखवले जाते.

महाराष्ट्राचा संबंध काय?

वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’मुळे हा इतिहास मराठी घरांत पूर्वीच पोहोचला. त्याच वेळी हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर पदपथावरच्या पुस्तकांच्या ढिगातही सहज मिळते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. आजचे गांधीनगर ते हेच. त्यांची गोष्ट होलोकॉस्टच्या नावाखाली सांगितली जाते, ती चूक आहे. ते बहुतांशी ज्यू नव्हते आणि त्यांना घराबाहेर काढून सायबेरियाकडे धाडले ते हिटलरने नव्हे, स्टालिनच्या राजवटीने. २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या वॉर्सा भेटीत, दरवर्षी २० पोलिश तरुणांना भारतात बोलावणारी, नवानगरच्या जामसाहेबांच्या नावाची योजना जाहीर झाली. मराठी शाळांना वळिवड्याला जायला विमान लागत नाही. मात्र निघण्याआधी मुलांना १९३९ चा पोलंडचा नकाशा दाखवावा लागेल, एकाच देशाचे दोन हुकूमशहांनी वाटून घेतलेले दोन तुकडे.