‘विचाराधीन’ या शब्दाची मुदत

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आमच्या लोकांनीं कोणत्या सरकारास उद्देशून रचली हें आतां सांगणें कठीण आहे. स्वराज्य येऊन पाऊणशें वर्षें उलटलीं तरी ती जुनी झालेली नाहीं, एवढें मात्र खरें. तथापि या म्हणींत एक गुण आहे. ती निदान मुदत तरी सांगते. शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील जे शिपाई, नाईक, हवालदार लष्करांतून निवृत्त होऊन अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा लावून बसले आहेत, त्यांच्या दृष्टीस पडणाऱ्या सरकारी शब्दांस तीहि नाहीं. ‘प्रक्रियेंत आहे’, ‘विचाराधीन आहे’, ‘पुढें पाठविलें आहे’ अशा अर्थाचे शब्द संगणकाच्या पडद्यावर उमटतात. कोणाच्या मेजावर, कोणत्या तारखेपासून, कोणत्या कागदावांचून, याचा उलगडा त्यांतून होत नाहीं. माणूस दर आठवड्यास सेवा केंद्रांत जाऊन तोच शब्द पुनः वाचून येतो.

शिरूरची आणि सैन्याची ओळख आजची नाहीं. १८१७ च्या अखेरीस कोरेगांवच्या लढाईंत सांपडलेली कंपनी सरकारची पलटण याच घोडनदीच्या छावणींतून निघाली होती. त्या काळीं जखमी शिपायास काय द्यावें हा धन्याच्या मर्जीचा प्रश्न होता. पुढें १८७१ च्या पेन्शन कायद्यानें त्या मर्जीस कुंपणच घातलें. कलेक्टरच्या दाखल्यावांचून पेन्शनविषयींचा दावा दिवाणी कोर्टानें ऐकूं नये असें ठरलें. परक्या सरकारची ही समजूत आमच्या सर्वोच्च न्यायालयानें मोडून काढली. १९८२ च्या डिसेंबरांत नकारा प्रकरणीं न्यायमूर्तींनीं स्पष्ट सांगितलें कीं, पेन्शन ही मेहेरबानी नसून पूर्वीं केलेल्या सेवेचा मोबदला आहे. कायदा बदलला, पण दफ्तराची भाषा बदलली नाहीं. हक्कदाराशीं बोलतांना तारीख द्यावी लागते. याचकास ‘पाहूं’ म्हटलें तरी चालतें. ‘विचाराधीन’ हा शब्द या दुसऱ्या जातीचा आहे, आणि आमचा आक्षेप आहे तो यासच.

दाव्याचा मार्ग कसा असतो तें पाहूं. नोकरी संपतांना लष्करी इस्पितळांतील वैद्यकीय मंडळ शिपायास तपासून दोन गोष्टी लिहून ठेवतें: अपंगत्व शेंकडा किती, आणि तें लष्करी नोकरीमुळें उद्भवलें अथवा वाढलें कीं नाहीं. अपंगत्व शेंकडा २० किंवा अधिक आणि दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी, असें असेल तरच साध्या पेन्शनखेरीज अपंगत्वाचा भाग मिळतो. २००६ पासूनच्या नियमांत शंभर टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाचे ३० टक्के आणि पन्नास टक्क्यांस १५ टक्के असें त्याचें मान आहे. मंडळाचे कागद त्या त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसांत जातात. मराठा पलटणीचा गडी असेल तर बेळगांवास, महार पलटणीचा असेल तर सागरास, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकीस. तेथें दावा मान्य झाला तर प्रकरण प्रयागराजच्या संरक्षण-पेन्शन हिशेब कचेरीकडे जाऊन हुकूम निघतो. ती कचेरी द्रौपदी घाटावर आहे. नांव ऐकून अक्षय थाळीची आठवण कोणास झाल्यास आमचा इलाज नाहीं. २०२१ पासून हा व्यवहार ‘स्पर्श’ नांवाच्या संगणकीय व्यवस्थेवर आणण्यास आरंभ झाला, आणि पेन्शनरास आपली नोंद घरबसल्या पाहतां येऊं लागली, ही सुधारणा आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नोंद पाहतां येणें निराळें आणि तिचा अर्थ कळणें निराळें.

सर्वांत मोठा घोंटाळा ‘निकाली’ या शब्दाचा आहे. कंटाळलेला अर्जदार केंद्र सरकारच्या तक्रार-व्यवस्थेंत तक्रार नोंदवितो, आणि कांहीं दिवसांनीं तेथें ‘निकाली’ असें पाहून पेढे आणण्याच्या बेतास येतो. वस्तुतः निकाली निघालेली असते ती तक्रार. दावा होता तेथेंच असतो. ‘आपलें म्हणणें संबंधित कचेरीस कळविलें आहे’ एवढ्या उत्तरावरहि तक्रार मिटविली जाऊं शकते. २०२४ च्या ऑगस्टांत या तक्रारींस २१ दिवसांची मुदत घालून दिली गेली. परंतु ती उत्तर देण्याची मुदत आहे, पेन्शन देण्याची नव्हे. उलट ‘परत पाठविलें’ हा शब्द ऐकून जो घाबरतो, त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. नांवांतील एका अक्षराचा किंवा जन्मतारखेचा फरक असेल, एखादा दाखला नसेल. म्हणजे निदान कोणीतरी कागद वाचला आहे, आणि उणीव भरून काढणें आपल्या हातीं आहे. चहाच्या दुकानांत बसून शेजाऱ्याच्या प्रकरणाशीं आपलें ताडून पाहण्यांतहि अर्थ नाहीं. २१ सप्टेंबर २०२३ पासून हक्काचे नवे नियम लागू झाले असून त्यापूर्वीं सुटलेला आणि त्यानंतर सुटलेला, या दोघांचे दावे निरनिराळ्या नियमांनीं तोलले जातात.

आतां कायद्याकडे वळूं. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यांतील एकविसाव्या कलमाप्रमाणें खात्यांतील उपाय संपविल्याखेरीज साधारणतः न्यायाधिकरणाकडे जातां येत नाहीं. मात्र त्याच कलमांत असेंहि म्हटलें आहे कीं, लेखी अर्ज दिल्यापासून सहा महिन्यांत अंतिम हुकूम झाला नाहीं तर खात्यांतील उपाय संपले असें समजावें. म्हणींतले सहा महिने आणि कायद्यांतले सहा महिने एकच निघाले ही मौजेची गोष्ट खरी. परंतु तिचें मर्म गंभीर आहे. सहा महिन्यांनंतर सरकारचें मौन हेंच कायद्याच्या दृष्टीनें उत्तर होतें, आणि मुंबईच्या खंडपीठाचें दार उघडतें. पडद्यावर ‘विचाराधीन’ असो वा नसो, त्यानें फरक पडत नाहीं.

पण हे सहा महिने मोजावयाचे कोठून? ज्याच्यापाशीं अर्जाची नक्कल नाहीं, पोंच नाहीं, स्पीड पोस्टाची पावती नाहीं, त्याचें मोजणें सुरूच होत नाहीं. शिरूरच्या पेठेंतील कोणताहि व्यापारी तारखेवांचून मुदती हुंडी हातीं धरणार नाहीं. मग त्याच पेठेंत बाजारास येणाऱ्या माजी सैनिकानें आयुष्याची मिळकत तारखेवांचून कां सोडावी? नामंजुरीची गोष्ट तर याहून नाजूक आहे. दावा नाकारल्याचें पत्र मिळाल्यावर वरिष्ठ समितीकडे अपील करण्यास सहा महिन्यांची मुदत असते. पत्र जातें तें दप्तरीं नोंदलेल्या गांवच्या पत्त्यावर. माणूस असतो रांजणगांवच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्यास. पत्र घरांत फळीवर पडून राहावें, आणि इकडे हा पडद्यावरील शब्द बदलण्याची वाट पाहत बसावा, असें सहज घडूं शकतें.

या विलंबाची किंमत रोख आहे. २००८ च्या तरसेम सिंह प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, पेन्शन न मिळणें हा चालू राहणारा अन्याय असल्यानें उशिरां आलेल्यासहि दाद मिळेल, परंतु थकबाकी साधारणतः दावा लावण्यापूर्वींच्या तीन वर्षांपुरतीच. या निकालाच्या आधारें अनेकांची थकबाकी छाटली गेली आहे. दहा वर्षें वाट पाहणाऱ्याचीं सात वर्षें अशीं पाण्यांत जातात, आणि वाट पाहत असतां त्यास कोणीं सावधहि केलेलें नसतें.

दाव्यांच्या गुणदोषांविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. तरी एवढें सांगितलें पाहिजे कीं, रक्तदाब व मधुमेह हे ‘जीवनशैलीचे आजार’ म्हणून एका ओळींत नाकारण्याची जी रीत पडली आहे, ती न्यायालयांस मान्य झालेली नाहीं. २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, भरतीच्या वेळीं ज्या रोगाची नोंद नाहीं तो नोकरींतच उद्भवला असें समजावें आणि तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. २०२५ च्या मार्चमध्यें मधुमेहाच्या एका प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयानेंहि वैद्यकीय मंडळानें कारणें दिलींच पाहिजेत असा निर्णय दिला. तेथें सैनिक न्यायाधिकरणांत जिंकला होता आणि सरकारच त्याच्याविरुद्ध वर गेलें होतें. ज्या सरकारच्या समितीनें २०१५ सालीं असले खटले कमी करण्याचा सल्ला दिला, त्याच सरकारची ही तऱ्हा!

यावर असें म्हणतात कीं, या पेन्शनचा गैरफायदाहि घेतला जातो. असेल. महालेखापरीक्षकांनीं अपंगत्व घेऊन निवृत्त होणाऱ्यांचें प्रमाण शिपायांपेक्षां अधिकाऱ्यांत पुष्कळ मोठें असल्याचें दाखवून दिलें आहे, व त्याची कसून चौकशी व्हावी. पण चौकशी कडक करणें आणि उत्तर मोघम ठेवणें यांचा परस्पर संबंध काय? खोटा दावा कारणें देऊन नाकारावा. मोघम शब्दानें लबाडास धक्का लागत नाहीं; तो वकील लावतो. मार बसतो तो घोडनदीच्या पलीकडे राहणाऱ्या, इंग्रजी पत्र दुसऱ्याकडून वाचवून घेणाऱ्या हवालदारास.

अमेरिकेंत अशाच दाव्यांचे टप्पे पायरीपायरीनें दाखविले जातात, दावा नव्या पुराव्यासाठीं मागच्या पायरीवर जाऊं शकतो हेंहि सांगितलें जातें, आणि निकालास सरासरी किती दिवस लागतात तो आंकडा प्रसिद्ध होतो. तेथें २००० सालच्या कायद्यानें पुरावा जमविण्यास अर्जदाराला साह्य करणें हें खात्याचेंच कर्तव्य ठरविलें आहे. तेथेंहि लोक कुरकुरतात. पण कशाबद्दल कुरकुरावें हें त्यांना ठाऊक असतें. आमच्या महाराष्ट्रांतहि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें अधिसूचित सेवांस मुदत लागली. मात्र तो कायदा राज्याच्या कचेऱ्यांपुरता आहे. केंद्रासाठीं २०११ सालीं आणलेलें तसलें विधेयक २०१४ सालीं लोकसभेबरोबरच विरून गेलें, तें पुनः आणावें असें आमचें आग्रहाचें म्हणणें आहे. तोंपर्यंत प्रत्येक नोंदीपुढें तारीख, कचेरीचें नांव आणि उणीव असलेला कागद मराठींत लिहावा. याला विधेयक लागत नाहीं, मनांत आणल्यास एका परिपत्रकाचें काम आहे.

स्थानिक उपायहि आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कचेरी पुण्यास आहे. दौंडकरास निदान आगगाडी तरी आहे, शिरूरकरास एस. टी. वांचून गति नाहीं, आणि गुडघा मोडलेल्या माणसास एस. टी. ची पायरी हीच पहिली वैद्यकीय परीक्षा होते. त्या कचेरीच्या अधिकाऱ्यांनीं महिन्यांतील एक दिवस शिरूरच्या व एक दिवस दौंडच्या तहसील कचेरींत ठरवून बसावें. अपंग व्यक्तीस १९८७ च्या विधिसेवा कायद्यानें मोफत साह्याचा हक्क आहेच, आणि २०२५ च्या जुलैंत राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणानें सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठीं वीर परिवार साह्य योजना सुरू केली आहे. दोन्ही गांवच्या वकीलवर्गानें तिचा उपयोग करून प्रथम दोनच कागद लिहून द्यावेत: एक, रेकॉर्ड ऑफिसास तारखेचा लेखी अर्ज; दुसरा, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं वैद्यकीय मंडळाच्या कागदांची नक्कल आणि प्रकरण कोणत्या तारखेस कोणाकडे गेलें त्याची मागणी. त्यास तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. खर्च म्हणाल तर दहा रुपये शुल्क आणि टपालाचे पैसे.